बत्तीस दिवस, कोरे कागद आणि मध्येच चॅम्पियन्स ट्रॉफी: एका दहावीच्या पोराचं प्रकरण

मी साताऱ्यात घरीच नववी-दहावीचे गणिताचे क्लास घेते, चौदा वर्षं झाली. दुसऱ्याच्या पोरांना शांत बसवायला जमतं पण स्वतःच्या भाच्यावर वेळ आली तेव्हा माझीच पंचाईत झाली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. २०२५ च्या दहावीची गोष्ट आहे. पोराचं नाव लिहीत नाही, तो आता मोठा झालाय आणि त्याला आवडणार नाही.

पोरगा सेमी इंग्लिशचा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. दाजी एसटीत कंडक्टर, ताई घरी शिलाई करते, दोन खोल्या, त्यात आजी आणि धाकटी बहीण. नववीपर्यंत बरा होता, पासष्ट-सत्तरच्या आसपास. माझ्याकडे क्लासला नव्हता, त्याचं कारण साधं, मावशीकडे क्लास म्हणजे घरातली प्रत्येक गोष्ट मावशीला कळणार, ते त्याला नको होतं आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं.

वीस जानेवारीला, सोमवार होता, ताईचा रात्री फोन. प्रिलिमचे, म्हणजे बोर्डाआधीच्या शाळेच्या सराव परीक्षेचे, पेपर मिळालेत आणि हा जेवत नाहीये. बीजगणित ४० पैकी १४, भूमिती १७, विज्ञान एक १९, विज्ञान दोन २२, इंग्लिश ८० पैकी ४१. ताई म्हणाली अगं रोज सहा-सात तास बसतो गं हा, रात्री दीड-दीड वाजेपर्यंत लाईट चालू असते, मग होतंय काय? आणि हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू पोराने सहा तास बसून तिला फसवलंय. बोर्डाचा मराठीचा पेपर २१ फेब्रुवारीला. म्हणजे हातात बत्तीस दिवस.

दुसऱ्या दिवशी गेले. पोरगं कॉटवर भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं पेपर दाखव. दाखवेना. मग म्हटलं बरं, पेपर नको, तू अभ्यास कसा करतोस ते दाखव, मी बघत बसते. त्याने विज्ञानाचं पुस्तक काढलं, लेन्सेसचा धडा, आणि वाचायला लागला. पुस्तकात जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, हळदीच्या कार्यक्रमातून आणल्यासारखं पुस्तक. वीस मिनिटं वाचलं, मग गाईडमधली उत्तरं वहीत उतरवली, अक्षर इतकं सुंदर की काय सांगू. मी म्हटलं आता पुस्तक मिटव आणि सांग, कॉन्व्हेक्स लेन्सचा साईन कन्व्हेन्शन काय? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मावशी आत्ताच वाचलं गं, येतं मला, फक्त आठवत नाहीये.

हेच ते. येतं पण आठवत नाही. माझ्याकडची निम्मी पोरं हेच वाक्य बोलतात आणि पालक त्यावर बदाम खायला घालतात.

यात पोराची काही चूक नव्हती हे मला ताईला समजावायला फार वेळ लागला. एखादी गोष्ट चौथ्यांदा वाचली की ती ओळखीची वाटते, आणि ओळखीची वाटली की डोकं म्हणतं झालं, येतंय. पण रस्त्यावर एखादा माणूस दिसला की चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसलाच हा प्रकार. परीक्षेत चेहरा ओळखायचा नसतो, नाव सांगायचं असतं. यावर २००६ साली रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केलेला आहे. एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ६१. हे मी दाजींना सांगितलं तर ते म्हणाले म्हणजे हा चार महिने पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेचा अभ्यास करत होता तर. दाजी कमी बोलतात पण बोलतात ते असं.

पेपर मग त्याने स्वतःच काढून दिले, दोन दिवसांनी. बीजगणितात २६ मार्क गेले होते. आम्ही दोघं जमिनीवर बसून गेलेला एकेक मार्क कुठे गेला ते लिहून काढलं, चार रकाने करून. मुळातच येत नव्हतं असे ६ मार्क निघाले. येत होतं पण तिथे आठवलं नाही असे ९. घाईत चुकलं ४. आणि वेळच उरला नाही म्हणून सोडलेले ७. पोरगं त्या कागदाकडे बघत बसलं. त्याच्या डोक्यात हिशोब असा होता की १४ पडले म्हणजे आपल्याला गणित येत नाही, संपलं, आणि इथे तर खरोखर न येणारे फक्त सहाच मार्क होते. त्या दिवशी तो पहिल्यांदा नीट जेवला असं ताई सांगते. मी काही समुपदेशन वगैरे केलं नव्हतं, नुसती बेरीज केली होती.

सहा मार्कांमध्ये बहुतेक फायनान्शियल प्लॅनिंग होतं, जीएसटीचा धडा, तो त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून ऑप्शनला टाकला होता कारण कोणीतरी सांगितलं त्यावर मार्क कमी असतात. आता गणित भाग एकमध्ये धडेच मुळात सहा, त्यातला एक आख्खा सोडायचा आणि तोही जो जीएसटी, ज्यात सीजीएसटी म्हणजे केंद्राचा निम्मा, एसजीएसटी म्हणजे राज्याचा निम्मा एवढं कळलं की अर्धा धडा हातात येतो. दाजी म्हणाले तिकिटाचा हिशोब करणाऱ्याच्या पोराने हिशोबाचा धडा सोडला.

वेळ न उरलेल्या सात मार्कांची गंमत वेगळीच. त्याच्या पेपरात दिसलं की 'कोणतेही चार सोडवा' असं लिहिलेल्या ठिकाणी पाचही सोडवलेत, 'कोणतेही दोन' तिथे तीन. का रे? तर म्हणे एखादं चुकलं तर दुसरं धरतील. आणि हे करता करता चौथ्या प्रश्नातलं चार मार्कांचं एक गणित आणि पाचवा आख्खा प्रश्न कोरा. ४ आणि ३, झाले सात. भीतीने माणूस जादा काम करतो आणि नेमकं तेच काम त्याला बुडवतं.

आता मी काय चूक केली ते पण सांगते. उत्साहाच्या भरात मी त्याला चार रंगांचं टाइमटेबल करून दिलं, सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत, मधे 'अल्पोपहार १५ मिनिटं' असं लिहिलेलं. तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी आजीला दवाखान्यात न्यावं लागलं, दोन तास गेले, आणि मग सगळं पुढे सरकत सरकत रात्री त्याने वैतागून ते फाडलं. बरं झालं फाडलं. चौदा वर्षांत मी एकही टाइमटेबल पूर्ण पाळलेलं बघितलेलं नाही, तरी दर जानेवारीला करून देतेच, ही आमच्या धंद्याची खोड आहे.

त्यानंतर जे केलं ते फारच साधं होतं. झेरॉक्सवाल्याकडून एका बाजूने कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला, रद्दीच्या भावात. एक धडा एकदा नीट वाचायचा, गणित असेल तर दोन-तीन गणितं बघून समजून घ्यायची, मग पुस्तक मिटवून दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं (हो, दुसऱ्या खोलीतच, टेबलावर असलं की हात जातोच), आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत आठवेल ते सगळं काढायचं, आकृत्या, सूत्रं, व्याख्या, वेडंवाकडं कसंही. मग पुस्तक आणायचं आणि जे राहिलं ते लाल पेनाने भरायचं. झालं. तो कागद ठेवायचा. तोच धडा एक दिवस सोडून परत कोऱ्या कागदावर, मग साधारण आठवड्याने परत. लाल कमी होत गेलं की समजायचं.

पहिले चार-पाच दिवस पोरगं रडकुंडीला. कारण वाचताना छान वाटतं आणि कोरा कागद समोर आला की नागडं झाल्यासारखं वाटतं, हे त्याचेच शब्द. पहिला कागद स्टॅटिस्टिक्सचा होता, मीडियनचं सूत्र काढलं त्यात वजा सीएफचा पत्ताच नव्हता, एच कुठेतरी खाली. जवळजवळ सगळा कागद लाल. मी म्हटलं हा लाल कागद आज घरात निघाला हे उत्तम, नाहीतर तो पाच मार्चला, बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरात निघाला असता.

क्वाड्रॅटिकमध्ये, म्हणजे वर्गसमीकरणांत, एक मजेशीर चूक सापडली. फॉर्म्युला पाठ होता, तोंडपाठ, पण बी जर उणे चार असेल तर वजा बी म्हणजे अधिक चार होतात, तिथे हा प्रत्येक वेळी उणे चारच लिहायचा. प्रत्येक वेळी! चार महिन्यांत त्याने तसली शे-सव्वाशे गणितं वहीत उतरवली असतील, पण गाईडमध्ये बघून, त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही. उतरवलेलं गणित कधी चुकत नाही, तीच तर भानगड.

झोपेवर भांडण झालं, ते मात्र ताईशी. दीड वाजेपर्यंत जागणारा मुलगा म्हणजे अभ्यासू मुलगा असं तिचं ठाम मत. मी म्हटलं पेपर अकराला आहे, रात्री अकराला नव्हे सकाळी अकराला, आणि हा सकाळी अकराला जांभया देतोय. वाचलेलं डोक्यात बसायचं काम बरंचसं झोपेत होतं, ती कापून काय मिळणार. शेवटी साडेदहाला लाईट बंद, सहाला उठणं, असं ठरलं, आणि ते आजीमुळे टिकलं कारण आजीलाच लाईटचा त्रास होत होता, बिचारी इतके दिवस बोलली नव्हती.

रविवारचे पेपर

मध्ये चार रविवार मिळाले. दर रविवारी माझ्या घरी, बरोबर अकराला, पाणी-बिणी घेऊन, मोबाईल दाजींच्या खिशात. आता बोर्डाने पेपर वाचायला आधी मिळणारी दहा मिनिटं २०२३ पासून काढून शेवटी जोडलीत, म्हणजे अकराला पेपर हातात आणि दोन तासांचा पेपर एक वाजून दहा मिनिटांनी संपतो, तर आम्हीही तसंच धरलं. एकूण १३० मिनिटं. पहिला प्रश्न ८ मार्कांचा, त्याला १५ मिनिटं. दुसरा १२ मार्कांचा, ३५. तिसरा ९ चा, ३०. चौथा ८ चा, ३०. उरलेल्या वीसमध्ये पाचवा प्रश्न आणि तपासणी. हे आकडे काही बोर्डाचे नाहीत, त्याच्या वेगावरून आम्ही बसवलेत, दुसऱ्या पोराला वेगळे लागतील. आणि एक नियम, 'कोणतेही चार' म्हणजे चार. पाचवं सोडवलं तर मी एक मार्क कापणार. दोन रविवार कापला, मग सवय गेली.

ॲक्टिव्हिटीचे प्रश्न, म्हणजे ते चौकटी भरायचे, दोन्ही भाग मिळून १४ मार्कांचे असतात आणि पोरं त्याकडे लहान मुलांचा खेळ म्हणून बघतात. त्यात पुढची पायरी छापलेलीच असते, म्हणजे अडकलात तर खालून वर यायचं. भाच्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं की चौकट भरता येत नसेल तर तिच्या खालची ओळ वाच.

पहिला पेपर २६ जानेवारीला, सकाळी झेंडावंदन करून युनिफॉर्मवरच आला. बीजगणित १९. चौदाचे एकोणीस, खूश. दोन फेब्रुवारीला भूमिती: १६. प्रिलिमपेक्षा एक कमी! पोरगं गप्प, मग डोळ्यांत पाणी, मग 'मावशी हे कागदाचं काही खरं नाही'. मलाही आतून धक्का बसला होता, दाखवलं नाही. मग रकाने काढले तर लक्षात आलं की आठवडाभर त्याने फक्त बीजगणितच केलं होतं, भूमितीला हातच लावला नव्हता, त्यात कंपास इतका ढिला की वर्तुळ सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, टँजंटची रचना गेली ती त्यातच. ही चूक माझी, एका वेळी एकच विषय धर असं मीच म्हणाले होते. त्या दिवसापासून रोज दोन-तीन विषय मिसळून करायला लागलो. आणि नवीन कंपास, साठ-सत्तर रुपयांचा, बत्तीस दिवसांतली सगळ्यात फायद्याची खरेदी. त्याच संध्याकाळी अभिषेक शर्माने वानखेडेवर इंग्लंडला ५४ बॉलमध्ये १३५ मारले तेव्हा कुठे पोराच्या चेहऱ्यावर हसू आलं.

नऊ तारखेला बीजगणित २५, सोळाला भूमिती २४. मधल्या काळात शाळेत प्रॅक्टिकल, जर्नलवर सह्या, ती धावपळ वेगळीच.

पोटात गोळा

भीतीचं काय? प्रिलिमच्या बीजगणिताला त्याला दुसऱ्या प्रश्नावर पूर्ण ब्लँक झालं होतं, हाताला घाम, पोटात कळ, बाथरूमला जाऊन आला त्यात दहा मिनिटं गेली. हे त्याने तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, आधी नाही. आठवलं नाही म्हणून गेलेल्या नऊ मार्कांमधले किती या ब्लँकचे आणि किती खरंच विसरलेले, ते आता कोण सांगणार.

आम्ही दोन-तीन गोष्टी केल्या. ब्लँक झालं की पेन खाली ठेवायचं, श्वास घ्यायचा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, चार-पाच वेळा, मग जो प्रश्न शंभर टक्के येतो तो शोधून लिहायला घ्यायचा, क्रमाने जायचं नाही. हे रविवारच्या पेपरात मुद्दाम करून बघितलं, मी मध्येच म्हणायचे 'समज आता ब्लँक झालंय', आणि त्याला पेन ठेवावं लागायचं. पहिल्यांदा हसला. दुसरं म्हणजे पेपरला निघायच्या आधी दहा मिनिटं मनात जी भीती आहे ती कागदावर लिहून काढायची, कुणाला दाखवायची नाही, फाडून टाकायची. हे मी कुठल्या बाबा-बुवाचं सांगत नाही, रमिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिक शोधपत्रिकेत छापलेलं आहे, ज्या पोरांना परीक्षेची जास्त धास्ती होती त्यांना याचा फायदा झालेला दिसला. भाच्याने तीन पेपरांना केलं आणि मग म्हणाला आता लिहायला काही नाहीये. काही नाहीये तर नको लिहूस.

पण माझं स्वतःचं मत विचाराल तर त्याची भीती कमी झाली ती श्वासाने नाही, लाल शाई कमी झाल्याने झाली. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हेच ज्याला माहीत नसतं त्याला सगळ्याचीच भीती वाटते. याला ११ फेब्रुवारीच्या आसपास कधीतरी कळायला लागलं की प्रोबॅबिलिटी येते, एपी (अंकगणिती श्रेढी) येते, सर्कलची थिअरम्स अजून कच्ची आहेत. मग भीती फक्त सर्कलपुरती राहिली. तिच्याशी भांडता येतं. अर्थात सगळ्या पोरांचं असं नसतं, ज्याला झोपच लागत नाही, सारखं रडू येतं, काही बरंवाईट बोलतो, त्याला कोरे कागद देऊन भागणार नाही, बोर्ड दरवर्षी समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस १४४१६ ही लाईन आहे, तिथे फोन करायचा, लाजायचं नाही.

घरातल्यांचंही थोडं बघावं लागलं. ताईला एकच विनंती केली, किती झालं असं विचारू नकोस, आज कागदावर काय निघालं असं विचार. तिला लेन्सेसमधलं काही कळत नाही पण ती कागद हातात घेऊन म्हणायची, आज लाल कमी दिसतंय रे. नातेवाईकांचे फोन दाजी घ्यायचे. 'किती टक्के पडतील?' याला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, गाडी सुटू द्या मग सांगतो.

प्रत्यक्ष परीक्षा

२१ फेब्रुवारी, मराठी. सेंटर दुसऱ्या शाळेत, आदल्या दिवशी जाऊन बाक बघून आलो होतो. साडेदहाला आत. पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर कुठे पेपर फुटल्याच्या बातम्या फिरायला लागल्या, बाहेर पालकांमध्ये नुसती कुजबुज, ताई पांढरीफटक. पोरगं बाहेर आलं ते भुकेने, त्याला काही माहीतच नव्हतं. गेटवर उत्तरं जुळवायची नाहीत हे आधीच ठरलेलं, सरळ घरी.

मग इंग्लिशपर्यंत आठ दिवसांची गॅप. इथे गडबड झाली. मोठी गॅप म्हणजे पोरं सैल पडतात आणि आम्ही त्या दिवसांत गणित-विज्ञान दामटलं, इंग्लिश शेवटच्या दोन दिवसांवर ठेवलं. त्याचं फळ पुढे दिसलं.

आणि खरा पेच होता क्रिकेटचा. चॅम्पियन्स ट्रॉफी अगदी दहावीच्या मांडीवर येऊन बसलेली. चार मार्चला ऑस्ट्रेलियाबरोबर सेमीफायनल, पाच मार्चला बीजगणित. ताई म्हणाली टीव्हीची वायर काढते. मी म्हटलं काढ, तो रात्रभर डोक्यात मॅच बघेल. ठरलं असं की अडीचपासून साडेसहापर्यंत, म्हणजे ऑस्ट्रेलियाची बॅटिंग, तो सहाही धड्यांचे कोरे कागद काढणार, शेवटचे, आणि आपली बॅटिंग जेवत जेवत बघणार. त्याने सहाही काढले, लाल जवळजवळ नव्हतंच, फक्त क्रॅमर्स रूलमध्ये एक ठिकाणी. कोहली ८४ वर आउट झाला तेव्हा मी मनात म्हटलं संपलं, आता हा झोपत नाही. पण राहुलने सिक्स मारून संपवलं आणि पोरगं साडेदहाच्या आत गाढ. बीजगणिताहून आला तो म्हणाला, ब्लँक झालंच नाही. मग थोडं थांबून, एकदा झालं, पण ते पाचव्या प्रश्नाला, तेव्हा सगळं लिहून झालं होतं.

नऊ मार्चची फायनल, रविवार, दुसऱ्या दिवशी विज्ञान एक. मी काही म्हणणार त्याआधी त्यानेच रोहित आउट झाल्यावर टीव्ही बंद केला आणि आतल्या खोलीत कागद घेऊन बसला. निकाल त्याला फटाक्यांवरून कळला. बाहेर आलाच नाही, आतून नुसतं ओरडला, जडेजा ना? जडेजाच होता.

इतिहासाचा पेपर १५ मार्चला, म्हणजे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. गल्लीतल्या पोरांनी दार वाजवून वाजवून वैताग आणला. तासभर खेळायला सोडला, फक्त डोळे आणि कान सांभाळ म्हटलं. दुसऱ्या दिवशी हिरव्या कानांनी 'टिपा लिहा' लिहून आला. १७ ला भूगोल. दहावीचा भूगोल म्हणजे आख्खं पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना, आणि हा दोन्ही देश एकमेकांत कालवायचा. त्याला कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे भारत उजवीकडे ब्राझील एवढंच करायला सांगितलं होतं. हवामान, वनस्पती, लोकसंख्या, सगळं समोरासमोर. हे त्याला सगळ्यात आवडलं. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो म्हणून त्याला फार आनंद, जून म्हणजे शाळा सुरू आणि वर थंडी.

निकाल १३ मेला, दुपारी एकला. ताईच्या मोबाईलवर साईट उघडेना, दाजींनी डेपोतून कुणाच्या तरी मोबाईलवर बघून फोन केला. मराठी ७८, हिंदी ७४, इंग्लिश ६९, गणित ७१, विज्ञान ७७, सामाजिक शास्त्र ७९. बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे जास्त मार्कांचे पाच विषय धरून ३७९, म्हणजे ७५.८० टक्के. त्या वर्षी राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि पेपरात नव्वदच्या वरची पोरं रांगेने, त्यात आमचे शहात्तर कुठे कोपऱ्यात. एका नातेवाईकाने 'बरे आहेत' म्हटलं, त्या 'बरे'चा अर्थ सगळ्यांना कळला. पण जानेवारीत ज्याचे गणिताचे दोन्ही पेपर मिळून ८० पैकी ३१ होते त्याचे ७१ झाले, यात शाळेने दिलेले वीसपैकीचे अंतर्गत मार्क आहेत हे मला माहीत आहे, ते वजा करूनही मला पुरे.

इंग्लिशचे ६९ मात्र माझ्यावर. आठ दिवस हातात होते, रायटिंग स्किलचे दोन-तीन पेपर घड्याळ लावून लिहून घेतले असते तर बरंच सुधारलं असतं. गणिताच्या बाईला गणितच दिसतं. आणि प्रिलिमची वाट न बघता दिवाळीनंतरच कोरे कागद सुरू झाले असते तर त्या बत्तीस दिवसांत इतकी पळापळ झाली नसती, पण ताईचा फोनच वीस जानेवारीला आला, त्याला मी तरी काय करू.

त्याने अकरावीला कॉमर्स घेतलं, जीएसटीवाला धडा आवडला म्हणून असं तो सांगतो, मला पटत नाही. गणपतीत गेले होते तर कॉटवर अकाउंट्सचं पुस्तक घेऊन पडलेला, हातात पिवळा हायलायटर. मी काही बोलले नाही, नुसती दारात उभी राहिले. तो म्हणाला, मावशी, पहिलंच वाचन आहे गं. आणि आतून धाकटी ओरडली, खोटं बोलतोय, तिसरं आहे.